राजाची शिल्लक उडी

बुद्धिबळावर लिहायचं तर खेळ चांगला यायला हवा, आणि आठवणी लिहायच्या तर तेवढं वय झालेलं असायला हवं. माझ्याकडे दोन्ही नाही. म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे काय लिहावं आणि काय आपल्यापाशी ठेवावं, हे विचारायलाही कोणी नाही. तरी लिहितो आहे. कुठे जास्त बोललो असं वाटलं तर वाचणाऱ्याने तेवढं सोडून द्यावं.

आम्ही कांजूरमार्गला राहतो. बाबा साकीनाक्याच्या एका गाळ्यात पॉवर प्रेसवर काम करतात. एका बाजूने पत्र्याची पट्टी आत जाते आणि खाली पिंपात वॉशर पडत राहतात. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर ते गावी, मालवणकडे निघून गेले आणि बाबा इथेच राहिले. पण बाबांची बोली गावचीच राहिली आणि बुद्धिबळही गावचंच.

रविवारी दुपारी मासे-भात झाला की बाबा मेणकापडाचा पट अंथरत. मोहरे लाकडी. खोली बदलताना काळा एक घोडा हरवला, त्याच्या जागी बाबांनी गाळ्यातून एक जाड वॉशर आणून ठेवला. मी लहानपणापासून त्या वॉशरला घोडाच समजतो. अजूनही कुठे रस्त्यात वॉशर पडलेला दिसला की तो अडीच घरं कुठे जाईल हे आधी मनात येतं.

बाबांच्या खेळाचे नियम देशी. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं. बाहेरच्या खेळात राजाला हत्तीच्या आड किल्ल्यात नेतात, तसं इथे काही नाही. त्याऐवजी राजाला एक सवलत आहे. जोवर त्याला एकही शह लागलेला नाही, तोवर सबंध डावात एकदा त्याला घोड्यासारखी उडी मारता येते. बाबा ती उडी शेवटपर्यंत राखून ठेवत. मी सगळीकडून घेरून आणलं, आता पुढच्या खेळीला मात, असं मला वाटायचं, आणि बाबा राजा उचलून भलतीकडेच ठेवायचे.

"गेलो!" म्हणायचे. "आता शोध त्येका."

आई भांडी घासता घासता हसायची. मला त्या उडीचा राग यायचा आणि ती मला हवीही असायची. माझ्या वाटणीची उडी मी बाबांसारखीच राखून ठेवायला शिकलो.

कॉलेज मुलुंडला. मी कॉमर्सला आहे. पहिल्या वर्षी स्टॅटिस्टिक्सचा पेपर राहिला. घरी कसं सांगावं कळेना, म्हणून जेवताना सांगितलं.

"बाबा, एका विषयात केटी लागलीये."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तो विषय राहिला. पुन्हा द्यायचा."

"म्हणजे नापास."

"नापास, पण दुसऱ्या वर्षात बसता येतं."

बाबांनी थोडा विचार केला. "नापास, तरी पुढच्या वर्गात बसूक देतत? मगे बरा आसा. आमच्या येळाक असा असता तर मी पन शिकलो असतंय."

आई म्हणाली, "तुमी गप जेवा."

पुढच्या खेपेलाही पेपर राहिला, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक संधी उरली होती. पहिल्या वर्षाचा विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला बसता येत नाही. बाबांच्या गाळ्यातला हेल्पर त्या उन्हाळ्यात कायमचा गावी जाणार होता. बाबा एवढंच म्हणाले, "शेठाक सांगून ठेवलंय. नुसता सांगून ठेवलंय रे, घाबरा नको." त्यांनी कधी धाक घातला नाही. पण एकदा गाळ्यात गेलेला मुलगा परत कॉलेजात येत नाही, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

बुद्धिबळाच्या संघाचं मला त्याच सुमारास कळलं. कॉलेजच्या संघातून बाहेरच्या स्पर्धा खेळणाऱ्याला निकालात थोडे वाढीव गुण मिळतात आणि काठावरची मुलं त्यावर सुटतात, असं सिनियर सांगत. संघात एकच जागा रिकामी होती. मला वाटलं, स्टॅटिस्टिक्स मला येत नाही, बुद्धिबळ तर येतं. दोन पट्टीचे खेळाडू सोडले तर बिल्डिंगमध्ये मला हरवणारं कोणी नव्हतं, बाबा धरून.

जिमखान्याच्या खोलीत सरावाला गेलो तेव्हा समजलं की मला फारसं येत नाही. बाहेरच्या खेळाचे नियम मी शाळेतच शिकलो होतो, तो प्रश्न नव्हता. त्याच रिकाम्या जागेसाठी सायन्सची एक मुलगी तिथे यायची. माझ्याच वर्षाची, मुलुंडचीच. शाळेपासून क्लासला जाऊन शिकलेली. ती मला पहिल्या दिवशी चहा थंड व्हायच्या आत हरवून मोकळी झाली.

"तू वाईट नाही खेळत रे," ती म्हणाली. "पण तुला समोर पडलेलं दिसत नाही. पझल्स सोडव. रोज. ओपनिंग-बिपनिंग नंतर."

तिने मोबाइलवर ॲप दाखवलं. त्यात पटावर एक अर्धवट डाव येतो आणि आपण जिंकणारी खेळी शोधायची. बरोबर आली तर हिरवी खूण, चुकली तर लाल. प्रत्येक कोड्यानंतर आपला आकडा थोडा चढतो किंवा उतरतो. मला वेड लागलं. बसस्टॉपवर, दळणाच्या रांगेत, लेक्चरला मागच्या बाकावर, मी कोडी सोडवायचो. घोड्याने राजा आणि वजीर दोघांवर एकदम मारा करणं, उंटाने एखाद्या मोहऱ्याला राजासमोर असं जखडून टाकणं की तो हलूच शकत नाही, रखवाली करणारा हत्ती आधी खेचून मग मागचं लुटणं, हे सगळं मला आधी नुसतं अधूनमधून जमून जायचं. आता ते नावागावासकट दिसायला लागलं. संध्याकाळी डम्पिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास घेऊन वारा सुटला की आई खिडक्या लावून घ्यायची आणि मी त्या बंद खोलीत मोबाइल घेऊन बसायचो. स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक शेजारी असायचं. ते उघडायचा विचार मी रोज करायचो.

आकडा चढत होता, पण एका जातीची कोडी माझी हमखास चुकायची. त्यांत लगेच शह द्यायचा नसतो. नुसता एक मोहरा शांतपणे आणून ठेवायचा असतो, की पुढच्या खेळीला मात अटळ. मी ती खेळी बघायचो आणि सोडून द्यायचो. मला वाटायचं, यात काय आहे, राजा निघून जाईल की. मग मी दुसरंच काहीतरी खेळायचो आणि लाल खूण यायची. का चुकतंय ते कळत नव्हतं. मी ते मनावरही घेतलं नाही. बाकीची कोडी सुटत होती.

दुसरीही एक गोष्ट होती, ती खेळायला बसल्यावर जाणवायची. कोडं समोर आलं की त्यात काहीतरी आहे हे आधीच माहीत असतं. खऱ्या डावात असं कोणी सांगत नाही. मी प्रत्येक खेळीला खजिना शोधायचो. नसला तरी सापडायचा. मग वजीर देऊन बसायचो.

"प्रत्येक वेळी काहीतरी असतंच असं नाही यार," ती मुलगी सांगायची. "कधी कधी गप एक प्यादं पुढे करायचं असतं."

निवड चाचणीत शेवटचा डाव तिच्याशीच आला. जो जिंकेल त्याला जागा. सकाळी निघताना आईने हातावर दही ठेवलं. बाबा कामावर जाताना दारातून म्हणाले, "घाई करू नको. उडी राखून ठेव." मी मान हलवली. आमच्याकडे हे 'सांभाळून जा' सारखं म्हणतात.

डाव चांगला चालला होता. हे मी फुशारकीने सांगत नाही, तीही नंतर तसंच म्हणाली. माझा राजा किल्ल्यात, कोपऱ्याशेजारी, शेजारी हत्ती, समोर प्यादी. मधोमध मला एक कोड्यात पाहिलेली रचना दिसली. या वेळी ती खरीच होती. मी एक उंट दिला आणि तिचा हत्ती आणि वर एक घोडा मिळवला. खोलीत दोन-तीन जण उठून आमच्या टेबलापाशी आले.  मनात स्टॅटिस्टिक्सचा पेपर आणि त्यावर आपोआप वाढणारे गुण, हे सुद्धा आलं.

मग तिने वजीर माझ्या राजाकडच्या कडेला, थोड्या अंतरावर आणून ठेवला. शह नव्हता. शांत खेळी. मागे दूरवर तिचा उंट त्याच रोखाने उभा होता. पुढच्या खेळीला कोपऱ्याजवळचं प्यादं मारून मात.

मला ते दिसलं. ते दिसलं नाही असं नाही. पण मला भीती वाटली नाही, याचंच आज आश्चर्य वाटतं. मी अगदी शांतपणे राजा उचलला, हत्तीच्या आणि प्याद्यांच्या डोक्यावरून नेला आणि घोड्याच्या चालीने मोकळ्या घरात ठेवला. घड्याळाचं बटणही दाबलं.

तिने घड्याळ थांबवलं. मग ती म्हणाली, "अरे... राजा असा कुठे जातो?"

स्पोर्ट्सचे सर वाकून बघायला लागले. "काय रे, घोडा आहे का तो?"

मागे कोणीतरी खुसखुसलं. माझा हात अजून राजाजवळ होता. सरांनी राजा मूळ घरात ठेवला आणि नियम सांगितला, तो मलाही माहीत होता. हात लावलेला मोहराच हलवायचा. माझ्या राजाला कायद्याने एकच घर मोकळं होतं, अगदी कोपऱ्यातलं. मी तो तिथे ठेवला. तिने प्यादं मारलं आणि मात झाली. मी राजाला हात लावला नसता आणि त्याच्या समोरचं प्यादं फक्त एक घर पुढे केलं असतं, तर तिच्या उंटाचा रस्ता बंद झाला असता, वजिरालाही पळावं लागलं असतं आणि डाव माझा होता. एक प्यादं, एक घर.

तिने हात पुढे केला. मी मिळवला. बाहेर पडताना कोणीतरी ओरडलं, "ए अडीच घर, नीट जा रे, उडी मारू नको!" ते नाव पुढे बरेच दिवस राहिलं.

ती माझ्यामागोमाग जिन्यापर्यंत आली. "तू घाईत नव्हतास. मी बघत होते. तू मुद्दाम ठेवलास तो तिथे. का?"

मी तिला बाबांचे नियम सांगितले. जिन्यावर उभ्या उभ्या, तुटक. ती हसली नाही.

"म्हणजे तू लहानपणापासून वेगळाच खेळ खेळतोयस. आणि आता हा पण. डोक्यात घोळ होणारच ना. एक काहीतरी बंद कर."

घरी आलो तर बाबा माझ्याआधी आलेले. अर्धा दिवस टाकून आले होते. पट अंथरलेला होता.

"जिंकलंस काय?"

"नाही."

"असूंदे. दाखव माका, खंय चुकलंस ता."

मला दाखवायचं नव्हतं. पण बाबा वॉशर हातात घेऊन बसले होते. मी मोहरे लावले. तिचा वजीर जिथे आला तिथपर्यंत डाव मांडला आणि म्हटलं, "इथे माझी खेळी होती."

बाबा पटावर वाकले. चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे मगे राजा उडव! शह खंय लागलो आसा? उडी बाकी आसा ना तुजी!"

आणि त्यांनी राजा उचलून नेमका त्याच घरात ठेवला.

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. प्रेसवर काम करून अंगठ्याचं नख चपटं झालेलं आहे. गावाहून इतक्या लांब, इतक्या वर्षांनी तीच चाल तो हात तितक्याच खात्रीने करत होता. तुम्ही शिकवलेला खेळ तिथे चालत नाही, हे मला तेव्हा सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं, आणि रागाने आलं होतं.

"सुचलं नाही, बाबा," मी म्हणालो.

"व्हता असा," ते म्हणाले. "घाईत सुचना नाय. मी सकाळी सांगलेलंय तरी." आणि माझ्या पाठीवर थाप मारून ते चहा घ्यायला उठले.

त्यानंतरचे काही आठवडे मला नीट आठवत नाहीत. ॲप मी काढून टाकलं नाही, पण उघडलंही नाही. पुढे एकदा उघडलं तेव्हा माझी चुकलेली कोडी एकामागून एक पाहिली. प्रत्येकात तेच. शांत खेळी, आणि मी समोरच्या राजाला मनातल्या मनात एक उडी देऊन ठेवलेली. मी कोडं चुकत नव्हतो, दुसऱ्याच खेळातलं उत्तर देत होतो. लाल खूण इतके दिवस हेच सांगत होती.

मग पुस्तक उघडलं. वाढीव गुण हीसुद्धा माझी राखून ठेवलेली उडीच होती, हे तोवर मला कळून चुकलं होतं. त्या भरवशावर मी पेपरकडे बघायचंच टाळत होतो. आता ती उडी नव्हती. एक प्यादं एक घर सरकवतात तसा मी रोज एक उदाहरण सोडवायला लागलो. कोड्याला बसल्यासारखा आधी प्रश्न पूर्ण बघायचो, मगच पेन उचलायचो. फार जमत होतं असं नाही. कधी कधी उत्तर आलं तरी ते का आलं ते कळायचं नाही.

रविवारचा पट मात्र मोडला. दोन खेळ एकदम नकोत, असं मी मनाशी ठरवलं आणि बाबांना 'अभ्यास आहे' म्हणालो. ते खोटंही नव्हतं. पहिल्या रविवारी बाबांनी पट अंथरला, बघितलं, परत गुंडाळला. पुढच्या रविवारी अंथरला नाही. दुपारी ते खिडकीपाशी बसून राहायचे. आईने मला एकदा हळूच विचारलं, "तुमचा दोघांचा काय बिनसलाहा काय?" मी नाही म्हणालो. तिने विश्वास ठेवला नाही.

पेपर दिला. कसा गेला विचारलं तर सांगता येत नव्हतं. सुट्टी लागली तसा मी बाबांबरोबर गाळ्यात जायला लागलो, 'बघायला' म्हणून. वॉशरच्या कडा घासायच्या, पोत्यात भरायचे. प्रेसच्या आवाजात कोणाचं बोलणं ऐकू येत नाही, सगळं खुणांनी चालतं. बाबा मधूनच लांबून हात वर करून विचारायचे, ठीक ना? मी हात वर करायचो. काम वाईट नव्हतं. तेच मला जास्त भीतीचं वाटत होतं. हात आपोआप शिकत होते.

निकाल आज लागेल, उद्या लागेल, असं चाललं होतं. एका रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "शेठ उद्या इचारतलो. हेल्पर गेलो. त्येका होय की नाय सांगूक व्हया."

"निकाल लागू दे ना," आई म्हणाली.

"निकालाची वाट शेठ कित्याक बघतलो?"

मी ताट उचलून ठेवलं. काय करावं सुचेना, म्हणून कपाटावरचा पट काढला आणि अंथरला. बाबा येऊन बसले. वॉशर जागेवर ठेवला. आम्ही त्यांचे नियम खेळायला लागलो. प्यादी एकेक घर सरकत होती. मला वाटलं होतं विसरलो असेन, पण नाही.

डाव निम्म्यावर आला तेव्हा मोबाइल वाजला. त्या मुलीचा मेसेज. "ए, रिझल्ट लागलाय. बघितलास?"

मी साइट उघडली. पान गोल गोल फिरत राहिलं. पुन्हा उघडली, तेच.

"उघडत नाहीये," मी लिहिलं.

"माझ्याकडे उघडतंय. सीट नंबर पाठव."

मी पाठवला. मोबाइल पटाच्या बाजूला उपडा ठेवला. आई दारात येऊन उभी होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

"तुजी खेळी," बाबा म्हणाले.

मी पटाकडे बघितलं. बाबांचा हत्ती माझ्या राजाच्या बाजूच्या रांगेवर रोखलेला होता आणि वजीरही त्याच बाजूला येऊन बसला होता. शह नव्हता. पुढच्या खेळीला मात. आता मला ते लगेच दिसलं. इथे उडी होती, माझी उडी शिल्लक होती, आणि बाबा तिचीच वाट बघत असल्यासारखे माझ्या हाताकडे बघत होते. मी राजा उचलला, घोड्याच्या चालीने मोकळ्या घरात ठेवला.

"गेलो!" मी म्हणालो. 

बाबा हसले. "बरा सुचला आज."

मोबाइल थरथरला. मी तो उलटा केला. तिने लिहिलं होतं, "स्टॅट्स सुटला रे. काठावर आहेस, पण पास. तिसऱ्या वर्षाला बसतोयस तू."